गलबतातून आलेल्या मडमा आणि आपली बाराखडी

कल्याणहून कर्जतच्या गाडीत बसलं की पहिलं स्टेशन लागतं ते आमचं विठ्ठलवाडी. आमच्या गटातल्या फार थोड्या बाया मूळच्या इथल्या आहेत. कुणी घाटावरून लग्न होऊन आली, कुणी कोकणातून, कुणी खानदेशातून. शेजारच्या उल्हासनगरात तर फाळणीनंतर सिंधमधून आलेली हजारो घरं आहेत. परक्या गावात पहिले महिने कसे जातात, भाषा कशी अडते, पाणी कसं बाधतं, माहेरच्या निरोपाची वाट कशी पाहिली जाते, हे आम्हाला कुणी सांगायला नको. तुमच्यापैकीही पुष्कळजणींना ते ठाऊक असेल.

म्हणून आज आम्ही अशा तरुण माणसांची गोष्ट सांगणार आहोत, जी आपल्या मुलखात सातासमुद्रापलीकडून आली. ही माणसं म्हणजे ख्रिस्ती मिशनरी, विशेष करून त्यांच्यातल्या बाया. ठाणे-वसईकडची पोर्तुगीजांच्या काळातली ख्रिस्ती वस्ती फार जुनी आहे, पण तिची कहाणी वेगळी. आपण बोलतोय ते साधारण दोनशे वर्षांपूर्वीचं. रेल्वे नव्हती. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली १८५३ साली, आणि कल्याणपर्यंत रूळ आले १८५४ साली. त्याआधी आपल्याकडे यायचं म्हणजे खाडीतून होडीनं, नाहीतर बैलगाडीनं किंवा पायी.

अमेरिकेतून निघालेलं शिडाचं गलबत आफ्रिकेला वळसा घालून हिंदुस्थानात पोचायला चार-सहा महिने लागत. घरी पत्र पाठवलं आणि लगेच उत्तर लिहिलं गेलं, तरी ते हातात पडेपर्यंत वर्ष उलटायचं. आईचं दुखणं कळायचं तेव्हा आई बरी झालेली असायची, नाहीतर गेलेली असायची.

अमेरिकेतली एक मुलगी होती, हॅरिएट नेवेल. १८१२ साली लग्न होऊन नवऱ्याबरोबर ती कलकत्त्याला पोचली. पण ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नको होते. धर्माच्या कामानं लोक बिथरतील आणि व्यापार बिघडेल ही कंपनीची भीती. त्यामुळे या मंडळींना निघून जायचा हुकूम झाला. मॉरिशसकडे जाताना गलबतातच हॅरिएट बाळंत झाली. बाळ वाचलं नाही, आणि पुढे मॉरिशसला तीही गेली. वय १९ वर्षं. तिची रोजनिशी आणि पत्रं नंतर अमेरिकेत छापली गेली, आणि ती वाचून तिकडच्या पुष्कळ मुलींच्या मनात परदेशी कामाला जायचं आलं. तिचा नवरा सॅम्युएल पुढे मुंबईला आला आणि १८२१ साली पटकीनं इथंच वारला.

मुंबईला पहिले अमेरिकन मिशनरी पोचले १८१३ साली. त्यांतला एक गॉर्डन हॉल, वय २८. त्यालाही कंपनीनं परत जायला सांगितलं होतं. अर्ज-विनंत्या करून, मधे कोचीनपर्यंत जाऊन परत येऊन, शेवटी त्याला राहायची परवानगी मिळाली. या लोकांनी सगळ्यांत आधी काय केलं असेल, तर मराठी शिकायला घेतली. भाषेवाचून बाजारात भाजीसुद्धा मिळत नाही, मग धर्माची गोष्ट कोण ऐकणार?

आपल्या ठाण्यालाही हे लोक होते. जॉन निकोल्स आणि त्याची बायको एलिझाबेथ १८१८ साली ठाण्याला राहायला आले. सहा वर्षं काम केलं आणि १८२४ च्या डिसेंबरात निकोल्स वारला. एलिझाबेथ परक्या देशात विधवा झाली. गॉर्डन हॉलचीही तीच तऱ्हा. १८२५ साली त्यानं बायकोला आणि दोन मुलांना अमेरिकेला पाठवलं. वाटेत समुद्रातच एक मुलगा गेला. पुढच्या वर्षी हॉल नाशिककडे गेला, तर तिथं पटकीची साथ होती. जवळची औषधं त्यानं आजाऱ्यांना वाटून टाकली आणि परतताना त्यालाच पटकी झाली. वाटेतल्या एका खेड्यात, देवळाच्या ओसरीवर, त्याचा जीव गेला. ही सगळी मरणं आम्ही कौतुकासाठी सांगत नाही. त्या काळी परदेशात जाऊन काम करणं म्हणजे काय होतं, हे ध्यानात यावं म्हणून सांगतो.

आता बायांकडे येऊ. १८२४ साली अमेरिकन मिशननं मुंबईत मुलींसाठी शाळा काढली. हे काम मिशनऱ्यांच्या बायकांच्या अंगावर होतं. पण त्यांच्या पाठी घर, बाळंतपणं आणि आजारपणं होतीच. म्हणून ज्या बाईचं सगळं लक्ष शाळेवरच राहील अशी बाई पाठवा, अशी मागणी अमेरिकेला गेली. त्यावर आली सिंथिया फरार. जन्म १७९५, लग्न झालेलं नाही, धंद्यानं शिक्षिका. १८२७ च्या जूनमध्ये ती निघाली आणि डिसेंबरच्या अखेरीला मुंबईला पोचली. वय ३२. लग्न न झालेली बाई इतक्या लांब एकटी पाठवणं तिकडच्या लोकांनाही पचत नव्हतं. कागदोपत्री तिला मिशनरी म्हणतही नसत, ‘सहायक मिशनरी’ म्हणत. काम पूर्ण करायचं आणि हुद्दा अर्धा घ्यायचा, हे आपल्याला अनोळखी नाही.

तिच्याच वर्षी जन्मलेली दुसरी बाई स्कॉटलंडची मार्गारेट विल्सन. जॉन विल्सन या मिशनऱ्याशी लग्न करून १८२९ साली ती मुंबईत आली. आल्या आल्या दोघं कोकणात बाणकोट-हर्णैला जाऊन राहिली, ती मराठी शिकायला. मुंबईला परतल्यावर मार्गारेटनं एकापाठोपाठ एक मुलींच्या शाळा काढल्या. शिकवणारे शिक्षकही तिलाच तयार करावे लागले. लहानगी मुलं तिनं इथंच गमावली. १८३५ साली, चाळिशीच्या आतच, ती वारली. दोन वर्षांनी तिच्या दोघी बहिणी स्कॉटलंडहून तिच्या कामाला आल्या. मुंबईत गावदेवीला सेंट कोलंबा ही मुलींची शाळा आजही आहे, ती याच कामातून वाढलेली.

त्या वेळी मुलीला शाळेत घालणं सोपं नव्हतं. शिकलेली मुलगी लवकर विधवा होते, असं लोक म्हणत. मुलगी आठ-दहा वर्षांची झाली की लग्न, आणि लग्न झालं की शाळा सुटली. बाराखडी पुरी होईतो पोर सासरी गेलेली असे. शिकवायला बाई मिळत नसे, कारण शिकलेली बाईच नव्हती. पुरुष पंतोजी ठेवावे लागत. मुलींच्या हाती द्यायला पुस्तकंही कमीच. तरीही सिंथियाच्या देखरेखीखालच्या शाळांत दोन वर्षांत चारशेहून जास्त मुलींची नावं लागली होती. पटावर नाव लागणं आणि रोज शाळेत येणं यांत फरक आहे, हे आपल्यातल्या अंगणवाडीच्या ताईंना विचारा. पण सुरुवात झाली होती.

मैत्रिणींनो, इथं एक गोष्ट सरळ बोलली पाहिजे. हे लोक केवळ शिकवायला आले नव्हते. आपला धर्म इथल्या लोकांनी घ्यावा हा त्यांचा हेतू होता आणि तो त्यांनी लपवलाही नाही. शाळेत ख्रिस्ती प्रार्थना होत, ख्रिस्ती पुस्तकं वाचून घेत. आपल्या देवाधर्माविषयी, चालीरीतींविषयी त्यांनी पुष्कळ कडवट लिहिलं आहे, आणि आज ते वाचताना मनाला लागतं. ‘शाळेत घातलं की पोर बाटेल’ ही आईबापांची भीतीही पोकळ नव्हती. १८३९ साली मुंबईत विल्सन यांच्या शाळेतले पारशी तरुण ख्रिस्ती झाले. मोठा गदारोळ झाला, प्रकरण कोर्टात गेलं आणि आईबापांनी धडाधड मुलं शाळेतून काढून घेतली. ज्या घरातलं पोर गेलं, त्या घरची रडारड खोटी कशी म्हणायची?

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ज्या पोरींना आपल्याच गावच्या शाळेची पायरी चढता येत नव्हती, त्यांच्यासाठी दार उघडलं ते या परक्या बायांनी. आपल्या शहाण्यासुरत्या माणसांनी ते आधी उघडलं असतं, तर मडमांची वाट बघावी लागली नसती. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत. एक धरून दुसरी सोडली, तर इतिहास लंगडा होतो.

पुढचा भाग आमच्या मते सगळ्यांत मोलाचा आहे. सिंथिया मधे एकदा अमेरिकेला जाऊन आली आणि १८३९ पासून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, राहिली. तिथं तिनं मुलींच्या शाळा चालवल्या. त्या शाळा बघायला पुण्याहून एक तरुण आला, जोतीराव फुले. नगरला त्यांचे मित्र सदाशिव गोवंडे होते. फरारबाईंची शाळा पाहून मुलींच्या शाळेचा विचार पक्का झाला, हे खुद्द जोतीरावांनी पुढे सांगितलं आहे. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात त्यांनी मुलींची शाळा काढली. आणि शिकवायला उभी राहिली आपली सावित्री. लग्नाच्या वेळी तिला अक्षरओळखही नव्हती. जोतीरावांनी तिला शिकवलं, आणि शिक्षिकेचं रीतसर शिक्षण तिनं नगरला फरारबाईंकडे आणि पुण्यात मिचेलबाईंच्या शाळेत घेतलं, असं तिचे चरित्रकार सांगतात.

आता बघा, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मिशनऱ्यांकडून काय घेतलं आणि काय नाही. शाळा कशी मांडायची, मुलींना कसं शिकवायचं, हे घेतलं. धर्म घेतला नाही. आपली शाळा मिशनच्या ताब्यातही दिली नाही. शिकवणारी बाई इथलीच, पोरींची बोली जाणणारी, सासर-माहेर ठाऊक असलेली. शेणगोळे तिनंही झेललेच. पण ‘ही परकी आहे, बाटवायला आलीय’ असं तिला म्हणता येईना. काम रुजलं ते तिथं.

सिंथिया फरार १८६२ च्या जानेवारीत नगरला वारली. चौतीस वर्षं तिनं या कामाला दिली. ज्या हेतूनं ती आली होती, त्यात तिला किती यश आलं याचा हिशेब तिच्या मिशननं ठेवला असेल. आपल्या हिशेबात एवढंच दिसतं, की ती देत होती धर्म आणि अक्षर दोन्ही, आणि इथल्या बायांनी आपल्याला हवं ते उचललं. कुणी धर्मही घेतला, त्यांचीही लेकरं शिकली, त्यांतून शिक्षिका आणि परिचारिका झाल्या. त्यांनाही आपल्यातून वजा करायचं कारण नाही. त्याही याच मातीतल्या.

हे सगळं आज कशाला सांगायचं? तर आजही आपल्या गावात, आपल्या वस्तीत बाहेरची माणसं येतात. कुणी संस्था शिलाईचं यंत्र देते, कुणी शेतीचं प्रशिक्षण, कुणी कर्ज. आता गलबत लागत नाही, जीप येते. येणारा काही तरी हेतू मनात धरूनच येतो. कुणाला धर्म हवा असतो, कुणाला मत हवं असतं, कुणाला फोटो, आणि कुणाला खरंच आपलं भलं. त्यामुळे येणाऱ्याला दारातूनच हाकलायचं असंही नाही, आणि डोळे मिटून मान डोलवायची असंही नाही. आपण तीन गोष्टी विचारायच्या. ही बाई आपली भाषा शिकायला तयार आहे का? हिच्याकडून नेमकं काय घ्यायचं आणि काय नाही, हे आपण गटात बसून ठरवलं आहे का? आणि तिसरी सगळ्यांत महत्त्वाची, ही उद्या निघून गेली तर हे काम चालवणारी आपल्यातली कोण?

पुष्कळ गावांत प्रकल्प संपला की खोलीला कुलूप लागतं आणि यंत्रं धूळ खात पडतात. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सुरुवातीलाच शोधलेलं नसतं, म्हणून तसं होतं. फरारबाईंच्या शाळेला सावित्री भेटली, तशी प्रत्येक कामाला गावातली एखादी तरी भेटली पाहिजे.

तेव्हा पुढच्या बैठकीला एक काम करा. आपापल्या घरात पहिल्यांदा अक्षर गिरवणारी बाई कोण, तिला शिकवलं कुणी, आणि ती पुढे कुणाला शिकवू शकली, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून गटाच्या वहीत लिहून आणा. आजीचं नाव सापडेल, आत्याचं सापडेल, कदाचित तुमचंच असेल. आम्हीही विठ्ठलवाडीत हेच काम घेतलं आहे. पुन्हा भेटू, तेव्हा ती नावं एकमेकींना वाचून दाखवू. नमस्कार.