नाकारलेलें दप्तर

मध्य अमेरिकेंतील ग्वातेमाला या लहानशा देशांत १९६० पासून १९९६ पर्यंत यादवी युद्ध चाललें होतें. त्यांतील बराच काळ राज्यसूत्रें लष्करी अधिकाऱ्यांच्या हातीं होतीं. सत्यशोधनासाठीं नेमलेल्या मंडळानें १९९९ सालीं जो अहवाल प्रसिद्ध केला, त्याप्रमाणें या ३६ वर्षांत २ लक्षांहून अधिक माणसें मारलीं गेलीं किंवा बेपत्ता झालीं. त्यांतील बहुसंख्य माया या मूळच्या रहिवाशांपैकीं होतीं. मंडळानें पोलिसांच्या जुन्या कागदपत्रांची मागणी केली होती. परंतु असें दप्तर अस्तित्वांतच नाहीं, असें उत्तर त्याला मिळालें.

बेपत्ता झालेल्या माणसाच्या घरीं मृत्यूहूनहि कठीण अवस्था असते. मेला म्हणून शोक करावा, कीं जिवंत आहे म्हणून वाट पाहावी, हेंच कळत नाहीं. अशा सहस्रावधि घरांना सरकारचें तें उत्तर ऐकून स्वस्थ बसावें लागलें.

जुलै २००५ मध्यें निराळाच योग आला. स्फोटक द्रव्यांच्या साठ्याची पाहणी करण्यासाठीं मानवी हक्कांचें रक्षण करणाऱ्या कचेरीचे अधिकारी राजधानींतील पोलिसांच्या एका आवारांत गेले. तेथील ओलसर इमारतींत, उंदरांच्या व वटवाघळांच्या सहवासांत, कागदांचे गठ्ठेच्या गठ्ठे रचलेले त्यांना दिसले. १८८२ पासून १९९७ पर्यंतचें हें दप्तर सुमारें ८ कोटि पानांचें होतें. नाहीं म्हणून सांगितलेलें दप्तर तें हेंच.

गुप्तपणें केलेल्या कृत्यांचे कागद पोलिसांनीं जपून कां ठेवले, असा प्रश्न साहजिकच मनांत येतो. त्याचें उत्तर कचेरीच्या शिस्तींत आहे. हुकूम खालीं गेला कीं त्याची प्रत मागें राहावयाची. काम झालें कीं त्याचा अहवाल वर जावयाचा. बक्षीस हवें तर शिफारस लेखी असावयाची. कारकुनानें नेमून दिलेलें काम केलें, आणि नकळत साक्ष लिहून ठेवली.

तोंडावर पट्टी बांधून व हातमोजे घालून तरुण कामगारांनीं एकेक पान स्वच्छ केलें, आणि संगणकावर त्याच्या प्रतिमा घेण्यास प्रारंभ झाला. येथें एक पथ्य कटाक्षानें पाळण्यांत आलें. कागद मृतांच्या नांवांप्रमाणें न लावतां ज्या कचेरींत ते निर्माण झाले तिच्याच क्रमानें ठेवले. कारण कोणाचा हुकूम कोणाकडे गेला हें त्या क्रमावरूनच सिद्ध होतें. सर्व पानें वाचावयाचीं तर एक पिढी पुरली नसती. म्हणून संख्याशास्त्रज्ञांनीं यदृच्छेनें निवडलेल्या नमुन्यांवरून सबंध दप्तराचें स्वरूप अजमावलें.

फेर्नांदो गार्सिया हा कामगार-चळवळींतील तरुण कार्यकर्ता १८ फेब्रुवारी १९८४ रोजीं राजधानींत नाहींसा झाला. त्याची पत्नी निनेथ हिनें तशाच दुःखांत पडलेल्या इतर कुटुंबांना बरोबर घेऊन त्याच वर्षीं परस्पर-साहाय्य-संघ स्थापन केला, आणि सरकारला उघडपणें जाब विचारला. सव्वीस वर्षांनीं उत्तर आलें तें दप्तरांतून. पोलिसांच्या शिपायांना पदक द्यावें, अशी शिफारस करणारा एक कागद त्यांत होता. ज्या कामगिरीबद्दल पदक मागितलें, तिची तारीख व जागा गार्सियाच्या अपहरणाचीच होती! अशा कागदांच्या आधारें २०१० सालीं दोघा माजी पोलिसांना प्रत्येकी ४० वर्षांची शिक्षा झाली; २०१३ सालीं त्यांचा तत्कालीन प्रमुखहि दोषी ठरला. गार्सियाचा देह मात्र त्या निकालांनीं घरीं आला नाहीं.

कागद सांपडला म्हणजे तो सुरक्षित झाला, असें मात्र नव्हे. हें ओळखून प्रतिमांचा एक संच स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय दप्तरखान्यांत ठेवण्यांत आला. २०११ सालीं टेक्सास विद्यापीठानें सुमारें १ कोटि प्रतिमा इंटरनेटवर सर्वांसाठीं खुल्या केल्या. ही दूरदृष्टि किती योग्य होती, तें लौकरच दिसलें. २०१८ सालीं दप्तराचे संचालक गुस्ताव्हो मेओन्यो यांना पदावरून दूर करण्यांत आलें, व दप्तराच्या भवितव्याविषयीं चिंता उत्पन्न झाली. मूळ कागदांना कुलूप लागूं शकतें. जगभर पसरलेल्या प्रतींना तें लावणें कठीण.

तथापि यंत्रानें सर्व कार्य होतें, असें समजणें चुकीचें होईल. विद्यापीठानें खुल्या केलेल्या त्या प्रतिमांत नांव टाकतांच माणूस सांपडे, अशी सोय नव्हती. कचेरीची रचना समजून घेऊन, हुद्दे व शिक्के ओळखून, पानामागून पान वाचणारा मनुष्य तेथें लागतच होता. संगणकानें कागद जपला आणि दूरवर पोंचविला. त्याचा अर्थ लावण्याचें काम मात्र जिवंत माणसांकडेच राहिलें. ज्या राजवटीनें माणसें पुसून टाकलीं, तिच्याच हस्ताक्षरांतून तीं पुन्हां वाचावयाचीं, हेंच त्यांचें खरें स्मारक होय.