स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांची निगा

ज्या पोलादात क्रोमियमचे प्रमाण वजनाने किमान १०.५ टक्के असते, त्याला स्टेनलेस स्टील किंवा अगंज पोलाद म्हणतात. या धातूतील क्रोमियमचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा अवघा काही नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग) जाडीचा पारदर्शक थर तयार होतो आणि तोच आतल्या लोखंडाला गंजण्यापासून वाचवतो. भांड्यावर चरा पडला, तरी ऑक्सिजन मिळत असेल तर हा थर आपोआप पुन्हा जुळून येतो. मात्र मीठ साचल्याने, ओल कोंडल्याने किंवा लोखंडाचे परके कण रुतून बसल्याने त्याच्या जुळून येण्यात अडथळा आला, की डाग व खड्डे पडू लागतात. म्हणून स्टीलच्या भांड्यांची निगा म्हणजे मूलतः या न दिसणाऱ्या थराची निगा होय.

हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड येथे बंदुकीच्या नळ्यांसाठी झीज न होणारे पोलाद शोधत असताना क्रोमियमयुक्त अगंज पोलाद तयार केले, आणि त्याच सुमारास जर्मनीतील क्रुप कंपनीत क्रोमियमबरोबर निकेल असलेले प्रकारही विकसित झाले. आज उत्तम समजल्या जाणाऱ्या भांड्यांचे पोलाद ‘३०४’ या प्रतीचे असते. त्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असल्याने त्याला ‘१८/८’ असेही म्हणतात. महाराष्ट्रातील घरांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्टीलने तांब्या-पितळेची जागा घेतली. पितळी पातेल्याला वरचेवर कल्हई (कथिलाचा पातळ लेप) करावी लागे आणि ती उडाली की आंबट पदार्थ कळकत. स्टीलमुळे ही यातायात संपली. जुन्या कपड्यांच्या बदल्यात बोहारणीकडून मिळणारी भांडीही मग स्टीलचीच असू लागली. मात्र याबरोबरच स्टीलला काही होत नाही असा समज रुजला आणि राख, वीटकर व चिंच यांनी जोर लावून घासण्याची पितळेची सवय स्टीललाही लागू झाली. भांडी निस्तेज होण्याचे मोठे कारण या सवयीत आहे, कारण पितळेवरचा काळपटपणा खरवडून काढावा लागतो, तर स्टीलवर काढण्यासारखे सहसा काही नसते आणि घासणीने पडलेले चरे मात्र कायम राहतात.

स्टीलचा खरा शत्रू मीठ हा आहे. मिठातील क्लोराइड आयन संरक्षक थर एखाद्या ठिकाणी भेदतात आणि तेथे टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. या क्रियेला छिद्रिल क्षरण असे म्हणतात व एकदा पडलेला खड्डा कोणत्याही उपायाने भरून येत नाही. थंड पाण्यात मीठ टाकून ते न ढवळता गॅसवर ठेवल्यास न विरघळलेले खडे तळाशी बसतात आणि प्रत्येक खड्याभोवती क्लोराइडचे प्रमाण अतिशय वाढते. यासाठी पाणी उकळल्यावर मीठ घालून लगेच ढवळणे हा सोपा आणि पुरेसा उपाय आहे. मीठ व आम्ल एकत्र असतील तर हा परिणाम अधिक तीव्र होतो. लोणचे, मिठातले आवळे किंवा कोकमाचे आगळ यांच्यासाठी चिनी मातीची वा काचेची बरणी वापरण्याच्या परंपरेला त्यामुळे भक्कम रासायनिक आधार आहे. मीठ घातलेले ताक किंवा आमटीही रात्रभर स्टीलच्या पातेल्यात ठेवू नये. क्लोरीनयुक्त जंतुनाशकांमुळेही असेच क्षरण होत असल्याने ती भांड्यांना लावू नयेत.

दुसरा प्रश्न उष्णतेचा आहे. स्टीलची उष्णतावाहकता तांब्याच्या सुमारे पंचविसाव्या हिश्शाइतकी व ॲल्युमिनियमच्या सुमारे पंधराव्या हिश्शाइतकी असते. साहजिकच ज्योतीच्या थेट वर असलेला भाग फार तापतो, बाजूचा भाग तुलनेने थंड राहतो आणि पदार्थ मध्यभागीच करपतो. तळाला बाहेरून तांब्याचा मुलामा असलेली, तळात ॲल्युमिनियमची चकती बसवलेली किंवा दोन स्टीलच्या पत्र्यांमध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा असलेली त्रिस्तरी भांडी ही उणीव भरून काढण्यासाठीच निघाली. पातळ बुडाच्या भांड्यात मात्र आच मंद ठेवण्याला पर्याय नाही. दूध तापवण्यापूर्वी पातेले पाण्याने विसळून ओलेच ठेवण्याची घरोघरची रीत उपयुक्त आहे, कारण त्या ओलाव्यामुळे दुधातील प्रथिने बुडाला चटकन चिकटत नाहीत. पोहे, उपमा किंवा बटाट्याच्या काचऱ्या परतायच्या असतील तर कढई आधी तापवावी. पाण्याचा थेंब टाकल्यावर तो चर्रकन न आटता पाऱ्याच्या गोळीसारखा घरंगळू लागला, की आच कमी करून तेल घालावे. थेंबाखाली वाफेची पातळ गादी तयार झाल्याने तो असा तरंगतो, आणि या घटनेचे वर्णन १७५६ मध्ये करणाऱ्या योहान लायडेनफ्रॉस्ट यांच्या नावाने ती ओळखली जाते. रिकामे भांडे याहून अधिक वेळ तापत ठेवू नये आणि तापलेल्या भांड्यावर एकदम गार पाणीही ओतू नये, अन्यथा बूड वाकडे होते व भांडे शेगडीवर डगमगते.

अतितापाने पृष्ठभागावर सोनेरी, निळसर वा जांभळट छटा उमटतात. ऑक्साइडचा थर जाड झाल्याने त्यावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशात हे रंग दिसतात. ते निरुपद्रवी असून व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसाने निघतात. बोअरिंगच्या जड पाण्यामुळे बसणारा पांढरा थर हा मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो व तोही याच आम्लांत विरघळतो. तेल तापून चिवट झाल्याने पडणारे पिवळट-तपकिरी डाग मात्र आम्लाला दाद देत नाहीत. त्यांवर खाण्याच्या सोड्याचा ओला लेप लावून ठेवावा लागतो. बुडाला लागलेली खरवड काढण्यासाठी भांड्यात पाणी व थोडा सोडा घालून दहा-पंधरा मिनिटे उकळावे, मग निवू द्यावे. मऊ झालेला थर लाकडी उलथन्याने सुटतो. येथे घाई करणे हेच भांडे खराब करणे होय. साध्या लोखंडाच्या तारेची घासणी कटाक्षाने टाळावी, कारण तिचे सूक्ष्म कण पृष्ठभागात रुततात, गंजतात आणि भांडेच गंजल्याचा भास होतो. नारळाचा काथ्या किंवा मऊ घासणी पुरेशी असते, आणि पत्र्यावर मुळात बारीक समांतर रेषा असतील तर त्यांच्याच दिशेने घासावे. तळाचे तांबे चिंच-मिठाने उजळते, पण ते मिश्रण स्टीलच्या भागावर राहू न देता लगेच धुऊन टाकावे.

घासलेली भांडी ओली असतानाच एकात एक रचून ठेवू नयेत. मध्ये अडकलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी पडतो, थर पुन्हा जुळू शकत नाही व कडांवर तपकिरी डाग येतात. दुमडलेल्या काठाखाली आणि कानांच्या रिबिटांभोवती ओल व अन्नकण हमखास कोंडतात, तेव्हा त्या जागा वेगळ्या पुसून कोरड्या कराव्यात. समुद्राकाठी हवेतच क्षार असल्याने कोकण-गोव्यात न वापरता माळ्यावर ठेवलेल्या भांड्यांवरही असे डाग दिसतात. अधूनमधून धुऊन-पुसून ठेवणे एवढाच त्यांवर इलाज आहे.

भांड्याची प्रत ओळखण्यासाठी लोहचुंबक लावून पाहण्याची पद्धत प्रचलित असली, तरी ती विश्वसनीय नाही. निकेलऐवजी बराचसा मँगनीज वापरलेले ‘२०२’ सारखे स्वस्त पोलादही चुंबकाला चिकटत नाही. उलट निकेल नसलेले ‘४३०’ चिकटते व इंडक्शन शेगडीसाठी ते सोयीचे ठरते. त्यामुळे भांड्यावरील प्रतीचा ठसा आणि आयएस १४७५६ या भारतीय मानकाची खूण पाहणेच योग्य. टोमॅटोचे सार किंवा चिंचेची आमटी फार वेळ उकळल्यास निकेल व क्रोमियम अत्यल्प प्रमाणात अन्नात उतरतात. नव्या भांड्यात हे प्रमाण अधिक असते व वापरागणिक घटते. निरोगी माणसाला त्याची सहसा चिंता नसली, तरी निकेलची ॲलर्जी असणाऱ्यांनी असे पदार्थ निकेलयुक्त स्टीलमध्ये शिजवणे टाळावे. खड्डे पडलेले भांडे टाकून देण्याची गरज नाही. डाळी, पोहे यांसारखा कोरडा जिन्नस त्यात निर्धास्तपणे ठेवता येतो.