फ्रेंच टोस्ट नेमका कोणाचा?

रविवारी अकराला उठून, कॅफेत बसून, वर स्ट्रॉबेरी आणि मध घातलेला फ्रेंच टोस्ट मागवणारे तुमच्यात बरेच जण असतील. त्या एका प्लेटसाठी आपण काही शे रुपये मोजतो. आणि तिची गोष्ट मात्र सगळीकडे एकच सांगितली जाते: शिळा पाव टाकवेना, म्हणून कुणा गरिबाने तो दूध-अंड्यात बुडवून तळला. ऐकायला छान वाटतं. पण जुन्या पाककृती उघडल्या की ही गोष्ट अर्धीच खरी निघते. आज उरलेली अर्धी बघू.

सुरुवात रोमपासून. ‘अपिशियस’ या नावाने ओळखला जाणारा लॅटिन पाककृतींचा एक संग्रह आहे. आज आपल्याला मिळतो त्या रूपात तो साधारण चौथ्या-पाचव्या शतकात तयार झाला असं मानतात. त्यातल्या गोड पदार्थांमध्ये एक कृती येते. पांढरा पाव घ्या, त्याची वरची कड काढा, मोठे तुकडे करा, दुधात भिजवा, तेलात तळा, वरून मध ओता आणि वाढा. बस्स. अंडं नाही. आणि गंमत म्हणजे ‘शिळा’ हा शब्दही नाही! उलट पाव बारीक पांढऱ्या पिठाचा हवा असं सांगितलंय. असा पाव तेव्हा पैसेवाल्यांच्या ताटात असायचा. गरिबाच्या वाट्याला कोंड्याचा, जाडाभरडा पाव यायचा.

आता हजारेक वर्षं पुढे या. पंधराव्या शतकातल्या इंग्लंडच्या हस्तलिखितांत हाच पदार्थ फ्रेंच नावाने सापडतो: ‘पां पेर्द्यू’, म्हणजे ‘वाया गेलेला पाव’. नाव असं, पण कृती काय सांगते? उत्तम पांढरा पाव, गाळून घेतलेले अंड्याचे बलक, तळायला लोणी आणि वरून साखर. त्या काळी युरोपात साखर लांबून यायची आणि महाग असायची. म्हणजे नाव वाया गेलेल्या पावाचं आणि थाट मेजवानीचा.

नावांची ही गंमत इथेच थांबत नाही. जर्मन लोक याला ‘आर्मे रिटर’ म्हणतात, म्हणजे ‘गरीब सरदार’. इंग्लंडमध्ये ‘विंडसरचे गरीब सरदार’ असं नाव चालायचं. आणि अशी माणसं खरंच होती बरं का! तिसऱ्या एडवर्ड राजाने १३४८ मध्ये हलाखीत आलेल्या लढवय्यांसाठी विंडसरच्या किल्ल्यात आश्रयाची सोय केली होती. विचार करा, हातात पैसा नाही, पण मान मात्र सरदाराचा. या पदार्थाला याहून नेमकं नाव कुठलं मिळणार?

मग शिळ्या पावाची गोष्ट खोटी का? नाही. पाव शिळा झाला की त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट होतो आणि ओलावाही कमी होतो. असा पाव दूध शोषतो, पण ताज्यासारखा लगदा होत नाही. तव्यावर गेला की अंडं आत घट्ट होतं आणि तुकडा आपला आकार धरून ठेवतो. स्पेनमध्ये ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात ‘तोरिहास’ करतात आणि पोर्तुगालमध्ये नाताळला ‘राबानादास’. दोन्हीला आदल्या दिवसाचा पावच लागतो. पण बघा, दोन्ही सणाचे पदार्थ आहेत. पाव उरलेला, पण दूध, अंडी, मध, साखर हे सगळं जपून ठेवलेलं. साध्या घरात ही चैन सणालाच परवडायची. दोन्ही अर्ध्या गोष्टी इथे एकत्र येतात.

आता ‘फ्रेंच’ कुठून आलं? एक किस्सा फिरतो, की १७२४ मध्ये अमेरिकेतल्या जोसेफ फ्रेंच नावाच्या खानावळवाल्याने आपलं आडनाव या टोस्टला दिलं. पण इंग्रज आचारी रॉबर्ट मे याच्या १६६० च्या पुस्तकात ‘फ्रेंच टोस्ट’ हे शब्द आधीच आहेत! त्याची कृती वेगळी आहे. फ्रेंच पावाचे जाड काप भाजायचे, वाइनमध्ये भिजवायचे, साखर घालायची आणि संत्र्याचा रस. फळाची जोडी अशी साडेतीनशे वर्षं जुनी आहे. या नावावरून पुढे राजकारणही झालं. इराक युद्धाला फ्रान्सने विरोध केला म्हणून २००३ मध्ये अमेरिकी संसदेच्या कॅन्टीनमध्ये त्याचं ‘फ्रीडम टोस्ट’ करण्यात आलं. काही वर्षांत ते गुपचूप पुन्हा फ्रेंच झालं.

‘ब्रंच’ हा शब्दही तसा नवाच. १८९५ मध्ये गाय बेरिंजर या इंग्रज लेखकाने शनिवारी रात्री जागणाऱ्यांची बाजू घेत रविवारी उशिरा जेवायची कल्पना मांडली. थोडक्यात, शनिवारची जागरणं तेव्हाही होतीच.

आपल्याकडे बघायचं तर ‘पाव’ हा शब्दच पोर्तुगीजांकडून आलाय. आपण या टोस्टमध्ये कांदा, मिरची, कोथिंबीर घातली आणि त्याला ‘बॉम्बे टोस्ट’ हे नावही मिळालं. आणि खरं सांगायचं तर फोडणीची पोळी खाऊन वाढलेल्या माणसाला ‘वाया गेलेला पाव’ समजावून सांगावा लागत नाही.

म्हणून पुढच्या रविवारी घरीच करून बघा. कालच्या ब्रेडचे जाड काप घ्या. दोन अंडी, अर्धा कप दूध, चमचाभर साखर आणि चिमूटभर मीठ फेटून त्यात ते दोन्ही बाजूंनी भिजवा आणि मंद आचेवर लोण्यात परता. वर घालायला महागडी फळं कशाला हवीत? मऊ पडलेल्या स्ट्रॉबेरी, डाग पडलेलं केळं, सुकत चाललेलं संत्रं, जे असेल ते थोड्या साखरेत दोन-तीन मिनिटं गरम करा. पाव कालचा, फळं परवाची, आणि थाट सरदाराचा!

कसा झाला ते कळवा. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर ऐकत राहा, खात राहा!