उसात भूत नव्हतं



चकलांब्यात आमच्या वस्तीवरल्या पोरांनी भीमजयंतीच्या आदल्या रात्री सिनेमा दाखवायचं ठरवलं. प्रोजेक्टर भाड्यानं आणला, समाजमंदिराच्या भिंतीला पांढरी चादर ठोकली. पण सिनेमा कोणता लावायचा, यावरनं दोन दिवस भांडण. एक गट म्हणे भुताचा लावा, बायालेकरं येतील, शेवटपर्यंत बसतील. दुसरा गट पेटला. म्हणे जयंतीला भुतं नाचवता का? खरा अत्याचार दाखवा, लोकांचं रक्त तापू द्या. मी मधला मार्ग काढला आणि 'लपाछपी' सुचवला. त्यात भूतही आहे आणि माणसाचं पापही आहे. शिवाय सगळा सिनेमा उसाच्या फडात घडतो. आमच्या गेवराई तालुक्याला उसाचा फड काय नवा सांगायचा?

माय पुढच्या रांगेत बसली होती. बावीस हंगाम कोयता चालवलेली बाई. उसातनं ती पांढऱ्या डोळ्यांची लेकरं बाहेर आली तशी पोरीसोरी किंचाळल्या, अन् माय फिसकन हसली. मी विचारलं, "माय, भ्या वाटत न्हाई का?" तर म्हणाली, "आरं, उसात भूत असतं तर मुकादम आत आला असता का?"

पण पुढं एका जागी ती उठून गेली. तिथं भूत नव्हतं. एक म्हातारी गर्भार पोरीशी गोड बोलत होती, एवढंच. का उठलीस म्हणून विचारलं तर, "लाईट लावल्यावर बी ती म्हातारी जात न्हाई," म्हणाली.

तेव्हापासून हा विषय डोक्यात घर करून बसलाय. मी सातवी शिकलेला, जिनिंग मिलमध्ये रेच्यावर काम करणारा माणूस. समीक्षा आपल्याला येत नाही. पण पडद्यावरच्या भीतीला एक इतिहास आहे आणि तो आपल्या इतिहासाला चिकटलेला आहे, एवढं मला दिसतं. तेच सांगतो.

१९७२ साल घ्या. मराठवाड्यात दुष्काळ, खडी फोडायच्या कामावर माणसांच्या रांगा. त्याच साली परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात आपल्या बायांची विटंबना झाली, निमित्त पाण्याचं. त्याच साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. पंधरा ऑगस्टला राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख 'साधना'त आला आणि पांढरपेशांची झोप उडाली. आणि त्याच साली हिंदीत रामसे बंधूंचा 'दो गज जमीन के नीचे' लागला. महाबळेश्वरला थोडक्या पैशात, थोडक्या माणसांत काढलेला सिनेमा, पण धो धो चालला. म्हंजे ज्या साली देशात खरी भुतं उघडी पडत होती, त्याच साली पडद्यावर खोट्या भुतांचा धंदा बसला. योगायोग असेल. मी त्याला कट म्हणत नाही. फक्त दोन्ही गोष्टी एका ओळीत मांडतो.

हे रामसे कोण? कराचीचं रेडिओच्या दुकानदाराचं घराणं, फाळणीनंतर मुंबईत आलेलं. सात भाऊ. एक लिहिणार, एक कॅमेरा धरणार, एक आवाज बघणार. १९७० साली त्यांनी 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' काढला, तो पडला. पण त्यात पृथ्वीराज कपूर सैतानाचा मुखवटा घालून चोरी करतो, तेवढा प्रसंग बघायला लोक पुन्हा पुन्हा येत होते. भावांनी हिशोब केला : कथा नको, मुखवटा हवा. पुढं १९८४ चा 'पुराना मंदिर'. त्यातला सामरी आठवतो का? माझ्या बापानं तो तंबूत बघितला, मी मोबाईलवर बघितला. काळा, राकट, धिप्पाड, रानात राहणारा. राजा त्याचं मुंडकं छाटतो आणि पेटीत घालून त्रिशुळाच्या धाकात ठेवतो. हवेली राजाची, शाप राजाच्या वंशाला, म्हणून दुःख कुणाचं? राजाचंच. आपण ताळ्या वाजवल्या त्रिशुळाला. मी बी वाजवल्या, खोटं कशाला बोलू. पण आज विचारावंसं वाटतं, सैतान नेहमी रानातला, काळा, वेशीबाहेरचाच का असतो रे?

भुतांनासुद्धा जात असते, हे मी गमतीनं म्हणत नाही. एन्थोव्हेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याचं मुंबई इलाख्यातल्या लोकसमजुतींवर १९२४ सालचं पुस्तक आहे. त्यात जातवार भुतांची यादीच आहे. ब्राह्मण मेला तर समंध, मुंज होऊन सोडमुंजीआधी पोरगं मेलं तर मुंजा, तो पिंपळावर राहणार. म्हंजे मेल्यावरही चातुर्वर्ण्य सुटत नाही. समंधाला सोवळं लागतं म्हणे.

या मुंजाची आमच्या आज्जीला फार भीती घातलेली होती. गावच्या एका बागायतदाराची विहीर होती, काठाला पिंपळ. दिवसा आपल्या लोकांना तिथं मनाई आणि रात्री मुंजा. म्हंजे चोवीस तासांची राखण झाली, पगार न देता! पुढं २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. वस्त्या जाळल्या. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचीराम कांबळे यांना ठार मारलं. त्या दिवसांत आमचे लोक घरात झोपत नव्हते. आज्जी लेकरं घेऊन रानात गेली आणि त्याच पिंपळाखाली रात्री काढल्या. का? तर मुंजाच्या भीतीनं तिकडं कुणी फिरकत नाही म्हणून. आज्जी सांगायची, "मुंजानं काय केलं न्हाई बाबा. लेकरं गाढ झोपली."

दोस्तहो, भुताची भीती आणि माणसाची भीती यातला फरक मला कुठल्या पुस्तकानं सांगितला नाही. या एका वाक्यानं सांगितला.

आता मानवतकडं या. गोदावरीच्या पलीकडं, आमच्यापासनं फार लांब नाही. १९७२ च्या नोव्हेंबरपासनं १९७४ च्या जानेवारीपर्यंत तिथं लहान मुली आणि बाया एकामागून एक मारल्या गेल्या. मुंबईहून रमाकांत कुलकर्णी यांच्यासारखा नावाजलेला पोलीस अधिकारी तपासाला आला. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, १९७७ साली निकाल लागला. खटल्यात काय समोर आलं? गुप्तधनासाठी पिंपळावरच्या मुंजोबाला रक्त द्यायचं. पुन्हा तोच मुंजा! पण सुऱ्या धरल्या त्या माणसांच्या हातांनी, आणि हाव होती ती जित्या माणसांची. तो झाडावरनं खाली उतरला नाही.

या हत्यांवर १९८१ साली अमोल पालेकरांनी 'आक्रीत' काढला, पटकथा विजय तेंडुलकरांची. दिग्दर्शक म्हणून पालेकरांचा पहिला सिनेमा. त्यात किंकाळ्यांचं संगीत नाही, दार कुरकुरत नाही. माणसं साध्या आवाजात ठरवतात, अन् अंगावर काटा येतो तो त्या साध्या आवाजाचा. तरी माझी एक तक्रार आहे. असले सिनेमे शहरातल्या निवडक लोकांनी बघितले. आमच्या तंबूत सामरी आला, 'आक्रीत' आला नाही. २०२४ साली याच प्रकरणावर 'मानवत मर्डर्स' ही मालिका आली, ती मोबाईलवर घराघरांत पोचली. हे बरं झालं. पण बघणारी पोरं म्हणतात, "लई डेंजर आहे." डेंजर! मेलेल्या पोरी कुणाच्या होत्या, एवढंही विचारत नाहीत.

म्हणून 'खरा अत्याचार दाखवा' म्हणणाऱ्या दोस्तांशी माझं पूर्ण जमत नाही. खरेपणा दाखवला की माणूस जागा होतो, असं काही नाही. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारलं. आई, मुलगी, दोन मुलगे. त्या प्रेतांचे फोटो मोर्च्यांत फिरले, भिंतींवर लागले. ते लावणाऱ्यांची आग मला कळते. अमेरिकेत १९५५ साली एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या पोराला गोऱ्यांनी हालहाल करून मारलं, तेव्हा त्याच्या आईनं शवपेटीचं झाकण उघडंच ठेवलं. जगानं बघावं म्हणून. पण ते आईनं ठरवलं होतं. खैरलांजीच्या सुरेखाबाईंना किंवा प्रियांकाला कुणी विचारलं? भैयालाल भोतमांगे जिवंत होते तोवर, म्हंजे २०१७ पर्यंत, ते फोटो त्यांच्या डोळ्यांसमोरनं किती वेळा गेले असतील? आणि एवढं बघूनही २००८ च्या निकालात ॲट्रॉसिटी कायद्याचं कलम टिकलं नाही. जग बघत होतं, तरी कोर्टाला जात दिसली नाही.

उलट भुताच्या सिनेमातनंही खरं सांगता येतं. अमेरिकेत १९६८ साली जॉर्ज रोमेरोचा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' आला. त्याच साली एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला होता. सिनेमात मेलेली माणसं उठून जित्यांना खायला येतात. एक काळा माणूस रात्रभर त्यांच्याशी झुंजतो, वाचतो. सकाळी बंदूकवाल्या गोऱ्यांची टोळी येते आणि त्यालाच गोळी घालते. मुडद्यांनी सोडला, जित्यांनी मारला! २०१७ च्या 'गेट आउट'मध्ये तर शेवटी नुसते गाडीचे लाल-निळे दिवे दिसतात आणि आपला जीव गोळा होतो. पोलीस आले म्हंजे सुटका, असं आपल्याला वाटतच नाही. हे शिकागोच्या काळ्या पोराला कळतं आणि चकलांब्याच्या पोरालाही कळतं, सांगावं लागत नाही.

आमच्या सीमेला लागून जामखेड तालुक्यात खर्डा आहे. २८ एप्रिल २०१४ ला नितीन आगे या शाळकरी पोराला तिथं मारून झाडाला टांगलं. २०१७ साली आरोपी सुटले, साक्षीदार फिरले. मधल्या काळात २०१६ ला 'सैराट' आला. त्याच्या शेवटी गाणं नाही, आवाज नाही, फक्त एक लेकरू आणि त्याच्या पायांचे रक्ताळलेले ठसे. मारतानाचं काही दाखवलेलं नाही. मंजुळ्यांना ठाऊक होतं की एवढं पुरेसं आहे. मी थेटरात बघितला तेव्हा मागच्या रांगेतली पोरं नाचून दमली होती. ती शेवटी उठलीच नाहीत.

पुन्हा 'लपाछपी'वर येतो. विशाल फुरियांचा, २०१७ ला लागलेला. त्यावरनंच २०२१ ला हिंदीत 'छोरी' निघाला. कर्जवाल्यांच्या भीतीनं पळालेलं जोडपं, बायको गर्भार, उसाच्या मधोमध एकटं घर. भूत कशाचं आहे? मारलेल्या मुलींचं. आता बीड जिल्ह्याची जनगणना उघडा. २००१ साली सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली, २०११ साली ८०७. राज्यात सगळ्यात कमी. दहा वर्षांत एवढ्या मुली कुठं गेल्या? त्या कुठल्या फडातनं पांढरे डोळे करून बाहेर येत नाहीत. शाळेच्या हजेरीपटावर जागा मोकळी राहते, बस्स.

आणि उसातल्या बाया? नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल फिटेस्तोवर सुटका नाही. एक दिवस आजारी पडली की खाडा, खाड्याचा दंड. म्हणून पोटात दुखलं की पिशवीच काढून टाकायची. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या सरकारी समितीसमोर आकडा आला : बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी, त्यातल्या १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या. माझी माय त्या आकड्यात आहे का नाही, मला माहीत नाही. तिची पिशवी काढली तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती. डॉक्टरनं सांगितलं, कॅन्सर होईल. कोपीत परत आल्यावर दहाव्या दिवशी मोळी उचलली. अशा बाईला तुम्ही पांढरी चादर दाखवून भिववणार?

भुतांशी लढणाऱ्या दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात मारलं, ते पिस्तुलानं. जादूटोणाविरोधी कायदा अठरा वर्षं लोंबकळत होता, त्याचा वटहुकूम त्यानंतर चार दिवसांत निघाला. यावर मी आणखी काय लिहू?

एक मिलमधली गोष्ट सांगून थांबतो. मी ज्या जिनिंगमध्ये आहे, तिथं जुन्या प्रेसच्या कोपऱ्यात हडळ आहे म्हणतात. रात्रपाळीला तिकडं सरकी भरायला कुणी जात नाही. नवीन होतो तेव्हा मी बी भ्यालो. मग एक दिवस सुपारी देऊन म्हाताऱ्या हमालाला बोलतं केलं. बऱ्याच वर्षांमागं रुई वेचणाऱ्या एका बाईचा पदर पट्ट्यात गेला होता. पट्ट्याला जाळी नव्हती. सकाळपर्यंत फरशी धुतली आणि दुसऱ्या पाळीला मशीन चालू. आठवड्याभरात हडळ दिसायला लागली.

मी गेलो त्या कोपऱ्यात, बॅटरी घेऊन. पट्टा फिरत होता. जाळी अजून बसवलेली नाही. हडळीचं भ्या घातलं की जाळीचं कुणी विचारत नाही. मी मुकादमाला विचारलं, तर तो म्हणाला, तुला भूत लागलंय.

त्या बाईचं नाव काय, हे मी सगळ्यांना विचारत फिरलो. हमालाला आठवत नाही, मुकादमाला माहीत नाही, हजेरीच्या वहीत नाही, कारण ती रोजंदारीवर होती. एवढं कळलं की ती गोदाकाठच्या कुठल्यातरी गावची होती आणि तिच्यासंगं एक लहान पोरगी यायची. ती पोरगी आता माझ्या वयाची असेल. तुमच्यापैकी कुणाला ठाऊक असेल तर मासिकाच्या पत्त्यावर कळवा. नाव तरी कळू द्या.