शेकोटीवरची मातीची कुत्री

इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशर परगण्याच्या उत्तर भागात टन्स्टल, बर्स्लेम, हॅन्ली, स्टोक, फेंटन आणि लाँग्टन ही सहा गावे कुंभारकामावर वाढली. जमिनीत कोळसा होता. पांढरी माती दक्षिणेकडून यायची, आणि १७७७ मध्ये ट्रेंट–मर्सी कालवा पूर्ण झाल्यावर ती आणणे व नाजूक माल न फुटता बाहेर पाठवणे दोन्ही सोपे झाले. अठराव्या शतकात रॅल्फ वुडसारखे कारागीर रंगीत झिलईचे प्राणी घडवत. पण घराघरांत पोचले ते व्हिक्टोरिया राणीच्या काळातले स्वस्त प्राणी, आणि त्यांत सर्वांत जास्त कुत्री. राणीचा लाडका डॅश स्पॅनियल जातीचा होता, त्यामुळे त्याच जातीची जोडी, गळ्यात सोनेरी साखळी नि कुलूप घालून, समोरासमोर कामगारांच्या शेकोटीवरच्या फळीवर बसली.

या प्राण्यांची घडण समजली की संग्राहकाचे निम्मे काम होते. मातीची पोळी साच्याच्या दोन भागांत बोटांनी दाबायची, भाग जोडायचे आणि भट्टीत कोंडलेली हवा निघून जावी म्हणून एक बारीक भोक ठेवायचे. पाठ भिंतीकडेच राहणार, म्हणून ती सपाट नि बिनरंगी सोडली जाई. साच्यात दाबण्याचे नि रंगवण्याचे हे हलके काम बरेचदा लहान मुले घाईघाईने करत. मुलांच्या कामावर बंधने घालणारा कारखाना कायदा कुंभारकामाला लागू झाला तो १८६४ मध्ये. कुत्र्यांच्या भुवयांचा वेडावाकडा फटकारा हा त्या घाईचा ठसा आहे, आणि या मूर्तींचे खरे सौंदर्यही त्यातच आहे.

सिंह किंवा झेब्रा या कारागिरांतल्या बहुतेकांनी कधी पाहिलेला नव्हता. म्हणून स्टॅफर्डशरचा झेब्रा म्हणजे पट्टे ओढलेला, लांब आयाळीचा घोडाच असतो. हिंदुस्थानशी थेट नाते सांगणारी एक मूर्ती मात्र विलक्षण आहे: तरुण मन्रोचे डोके जबड्यात धरलेला वाघ. सेनापती हेक्टर मन्रो यांच्या या मुलाला १७९२ मध्ये बंगालमधल्या सागर बेटावर वाघाने मारले होते. ती बातमी तीसेक वर्षांनंतरही मातीत घडवली जात होती. टिपू सुलतानाचा गोऱ्या माणसावर झडपलेला लाकडी वाघ आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. तो पाहिलेल्याला ही मूर्ती लगेच ओळखीची वाटते.

वुडच्या काळातल्या मूर्तींना मान आधी मिळाला. व्हिक्टोरियाकालीन मूर्तींकडे अभ्यासकांचे लक्ष बऱ्याच उशिरा गेले. टॉमस बॉल्स्टन यांचे त्या काळच्या व्यक्तिमूर्तींवरचे पुस्तक १९५८ मध्ये निघाले. मागणी वाढली तशा नकलाही वाढल्या. नवी मूर्ती बहुधा पातळ मातीचा घोळ साच्यात ओतून, उरलेला काढून घेऊन करतात. त्यासाठी तळाला नाण्याएवढे भोक लागते. जुन्या मूर्तीचे भोक टाचणीने पाडल्यासारखे असते. झिलईवरच्या भेगा सगळीकडे सारख्याच दिसल्या तरी शंका घ्यावी. बर्स्लेमच्या विल्यम केंट कारखान्याचे नग ओळखणे सर्वांत अवघड, कारण तिथे जुन्याच साच्यांतून मूर्ती काढल्या जात, त्याही थेट १९६२ पर्यंत.