पोर्ट क्रमांक २२ ची जन्मकथा

१९९५ साली फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या संगणक जाळ्यात एक प्रोग्राम गुपचूप बसवलेला आढळला. जाळ्याच्या मुख्य वाहिनीला थेट जोडलेल्या एका सर्व्हरवर तो होता. त्याने काही मोडले नव्हते की पुसले नव्हते. तो केवळ ऐकत होता. सापडला तेव्हा त्याच्याजवळ हजारो नावे आणि त्यांचे पासवर्ड जमा झालेले होते.

ही चोरी इतकी सोपी का होती? सर्व्हर बहुधा दूरच्या खोलीत, पडदा व कळफलकाविना चालू असतो. त्याची देखभाल करणारा आपल्या जागेवरून टर्मिनलवर कमांड देतो: लॉगची फाइल पाहणे, भरलेली डिस्क मोकळी करणे, अडकलेला प्रोग्राम थांबवून पुन्हा सुरू करणे. या कामासाठी टेलनेट ही व्यवस्था १९६९ पासून, म्हणजे अर्पानेटच्या जन्मापासून, चालत आली होती. टेलनेटमध्ये टाइप केलेले प्रत्येक अक्षर जसेच्या तसे तारेवरून जाई. पासवर्डसुद्धा. पडद्यावर तो उमटत नसे, एवढाच काय तो आडपडदा.

त्यातच त्या काळच्या इथरनेटमध्ये एका तारेवरचे सर्व संगणक परस्परांची वाहतूक ऐकू शकत. दुसऱ्याच्या नावचे पत्र वाचायचे नाही, हा निव्वळ शिष्टाचार होता; आणि ती पत्रे पाकिटातली नव्हती, उघडी पोस्टकार्डे होती.

बर्कली युनिक्सने १९८३ च्या सुमारास दिलेल्या आरलॉगिन व आरएसएच या कमांड त्याहून भाबड्या होत्या. ‘अमुक संगणकावरून येणारा आपलाच’ अशी नोंद एका फाइलमध्ये केली की पासवर्डही विचारला जात नसे. नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्म इतर वाटांबरोबर याही वाटेने पसरला. तरीही सवय सुटली नाही.

हेलसिंकीच्या त्या चोरीत तातू इलोनेन या संशोधकाच्या स्वतःच्या कंपनीचेही काही पासवर्ड गेले होते. त्याने काही महिन्यांत नवा प्रोग्राम लिहिला: सिक्युअर शेल, अर्थात एसएसएच. फाइल पाठवणाऱ्या एफटीपीचा पोर्ट २१, टेलनेटचा २३. या दोघांची जागा घ्यायची म्हणून त्याने मधला रिकामा २२ मागितला आणि जुलै १९९५ मध्ये तो त्याला लगेच मिळाला. आज ज्या क्रमांकावर जगभरचे सर्व्हर हाताळले जातात, तो एका साध्या ईमेलवर मिळालेला आहे.

एसएसएचमध्ये दोन्ही संगणक आधी आपसांत एक गुप्त किल्ली ठरवतात आणि मगच बोलतात. तारेवर दिसते ती केवळ अगम्य अक्षरांची रास. शिवाय पासवर्डाऐवजी किल्ल्यांची जोडी वापरता येते. सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर ठेवायची आणि खासगी किल्ली स्वतःच्या संगणकाबाहेर कधीच जाऊ द्यायची नाही. अमेरिकेत तेव्हा प्रबळ कूटलेखनाची गणना निर्यातीच्या कायद्यात शस्त्रास्त्रांबरोबर होत असे. फिनलंडमध्ये लिहिलेल्या या प्रोग्रामला त्या कायद्याचा अडसर नव्हता. वर्षअखेरीस सुमारे ५० देशांत २०,००० लोक तो वापरू लागले होते.

पुढे त्याच्या परवान्याच्या अटी कडक झाल्या. तेव्हा ओपनबीएसडीच्या मंडळींनी जुनी, मोकळ्या परवान्याची आवृत्ती घेऊन १९९९ मध्ये ओपनएसएसएच सिद्ध केले. आज सर्वत्र चालते ते मुख्यतः हेच.

एक उणीव मात्र यंत्राची नसून माणसाची आहे. कूटलेखनाने चोरून ऐकणारा अडतो; पण पलीकडे बसलेला सर्व्हर खरा की तोतया, हे त्यातून कळत नाही. म्हणून पहिल्या भेटीत एसएसएच सर्व्हरच्या किल्लीचा ठसा दाखवून विचारते: पुढे जायचे का? तो ठसा अन्य मार्गाने मिळवून ताडून पाहणे अपेक्षित आहे. प्रत्यक्षात ‘येस’ टाइप करण्याइतके बिनविचाराने केलेले दुसरे काम या व्यवसायात क्वचितच सापडेल.

मार्च २०२४ मध्ये धोका वेगळ्याच दाराने आला. अँड्रेस फ्रॉइंड हा पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारा अभियंता एका यंत्राची गती मोजत होता. एसएसएचच्या लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आणि प्रोसेसरही अकारण राबतो, हे त्याला खटकले. माग काढत तो एक्सझेड या फाइल संकुचित करणाऱ्या लायब्ररीपाशी पोहोचला. ओपनएसएसएच स्वतः ती वापरत नाही. काही लिनक्स वितरणांनी केलेल्या जोडणीमुळे ती आत आली होती, आणि तिच्यात कुणीतरी चोरदार ठेवले होते. २९ मार्चला त्याने ते उघड केले. बहुतेक स्थिर वितरणांपर्यंत ती आवृत्ती तोवर पोहोचलेली नव्हती.

सर्व्हर सांभाळणाऱ्यांना त्या दिवशी एकच गोष्ट पाहायची होती: आपल्याकडील एक्सझेड ५.६.० किंवा ५.६.१ तर नाही ना? आणि ते पाहण्यासाठी बहुतेकांना आत शिरावे लागले ते पोर्ट २२ मधूनच.