कॅनडा, तालुका गेवराई

पुण्याच्या माणसाला नागपूरचा माणूस डोळे मिटून ओळखता येतो. "काय करून राहिला बे?" एवढं वाक्य कानावर पडलं की त्याच्या डोळ्यांपुढे संत्री, सावजीचा रस्सा, मे महिन्यातलं ऊन आणि पाहुण्याचा हात धरून त्याला दुसऱ्यांदा पानावर बसवणारा एक मोकळाढाकळा गृहस्थ उभा राहतो. हे चित्र खरं असेल किंवा नसेल, पण चित्र आहे. माझ्या बाबतीत मात्र त्याची पंचाईत होते. मी उमापूरचा. उमापूर गेवराई तालुक्यात, गेवराई बीड जिल्ह्यात, आणि 'बीड' हा शब्द तोंडातून बाहेर पडतो न पडतो तोच पुणेकर सहानुभूतीने विचारतो, "म्हणजे विदर्भात ना?"

बँकेच्या नोकरीत प्रशिक्षण नावाची एक सुट्टी अधूनमधून मिळते. अशा सुट्ट्यांत मी हा प्रश्न इतक्यांदा ऐकला आहे, की आता मी नुसती मान हलवतो. एकाने तर "तिकडे तेलुगू चालतं का?" असंही विचारलं होतं. दुकानात 'दस्ती' मागावी तर दुकानदार आपल्याशी हिंदीतून बोलायला लागतो. (दस्ती म्हणजे हातरुमाल. खिशात असतो तोच.) पु. लं.नी 'तुम्हाला कोण व्हायचंय?' म्हणून महाराष्ट्राला विचारलं, तेव्हाही पर्याय तीनच होते : मुंबईकर, पुणेकर, नागपूरकर. बीडकर व्हायची सोयच नव्हती. ते जन्मावंच लागतं.

अशा वेळी मला कॅनेडियन लोकांची फार आठवण होते. मी एकाही कॅनेडियन माणसाला ओळखत नाही. पण समदुःखी माणूस ओळखीचाच असावा लागतो असं नाही.

इंग्रजांच्या साम्राज्यात ही दोन गोरी भावंडं. ऑस्ट्रेलियन म्हटला की इंग्रजाला सगळं लख्ख दिसतं. १७८७ साली आपण अकरा जहाजांतून कैदी भरून पाठवले त्यांचा पणतू, उन्हाने रापलेला, मोठ्याने बोलणारा, बिअर पिणारा, आणि संधी सापडली की क्रिकेटात आपलं नाक कापणारा. १८८२ साली त्यांनी ओव्हलवर इंग्लंडला हरवलं, तेव्हा लंडनच्या एका पत्राने इंग्लिश क्रिकेटची मृत्युवार्ता छापली. त्या अस्थींवरून अजून भांडण चालू आहे. १९३२-३३ साली बॉडीलाइन गोलंदाजीपायी तर दोन्ही देशांची बोर्डं एकमेकांना अशा तारा करू लागली, की भाऊबंदकीतल्या नोटिसा बऱ्या. (इंग्लंडचा कप्तान जार्डीन हा जन्माने मलबार हिलचा. म्हणजे भांडण लावण्यात मुंबईचा हात तिथेही होताच.)

आणि कॅनेडियन? तो लंडनला उतरला की इंग्रज त्याला आदबीने विचारतो, "आपण अमेरिकन का?" बिचारा पाठीवरच्या पिशवीला मेपलचं पान शिवून हिंडतो, तरी चुकत नाही. वास्तविक पहिला आंतरराष्ट्रीय क्रिकेट सामना कॅनडानेच खेळला, १८४४ साली न्यूयॉर्कला. पण खेळला तो अमेरिकेशी! ज्याच्याशी आपला गोंधळ होतो त्याच्याशीच कशाला खेळायचं? १९१७ साली विमीची टेकडी कॅनेडियनांनी घेतली. १९४२ साली दिएपच्या किनाऱ्यावर उतरलेल्यांत बहुतेक सगळे कॅनेडियनच होते आणि मेले तेही बहुतेक तेच. बँकेतला माणूस म्हणून मला सर्वांत लागलेली गोष्ट वेगळीच आहे. १९४६ साली इंग्लंडची तिजोरी खडखडीत असताना कॅनडाने सव्वाशे कोटी डॉलर कर्ज दिलं, दोन टक्के व्याजाने. त्याच वर्षी अमेरिकेने त्याच्या तिप्पट दिलं. शेवटचा हप्ता दोघांचा एकदमच, डिसेंबर २००६ मध्ये फिटला आणि गाजलं ते अमेरिकेचं कर्ज. धनको असूनही ज्याचं नाव लक्षात राहत नाही, असा माणूस मी आमच्या काउंटरवर अजून पाहिलेला नाही.

काउंटरवर एक गोष्ट मात्र रोज पाहतो. जो खातेदार पासबुक आपटतो, "मॅनेजरला बोलवा" म्हणतो, त्याची सही आम्हाला पाठ असते, मुलीचं लग्न कधी झालं तेही ठाऊक असतं. आणि जो "सायेब, तुमच्या सवडीनं करा" म्हणून बाकावर बसून राहतो, त्याला आम्ही चार वाजता विचारतो, "आपण कोण?"

विदर्भ आणि मराठवाडा यांचा इतिहास या बाकावरून पाहिला की बराच सोपा होतो. दोन्ही घरं एके काळी एकाच वाड्यातली. वऱ्हाडही निजामाचं आणि आम्हीही निजामाचेच. १८५३ साली निजामाकडे इंग्रजी फौजेचा खर्च थकला. इंग्रजांनी तारण म्हणून वऱ्हाड ताब्यात घेतलं. 'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड' म्हणतात, कापसाची काळी जमीन; तारण म्हणून आमच्या कर्ज विभागानेही डोळे झाकून मंजूर केलं असतं. त्याच तहात धाराशिवकडचा मुलूखही इंग्रजांकडे गेला होता. तो त्यांनी १८६० साली परत केला! सत्तावन्नच्या गडबडीत निजाम इंग्रजांशी प्रामाणिक राहिला म्हणून बक्षीस दिलं, असं पुस्तकात लिहिलेलं आहे. मला विचाराल तर, लुगड्याच्या दुकानातून चार नमुने घरी न्यावेत आणि नापसंत पडला तो परत करावा, तसा हा प्रकार. १९०२ साली कर्झनने वऱ्हाड वर्षाला पंचवीस लाखांच्या भाड्याने कायमचंच लिहून घेतलं. निजामाच्या हाती काय राहिलं? १९३६ पासून युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब. घर भाडेकरूच्या ताब्यात आणि पाटी मालकाची!

मग वऱ्हाड-नागपूरकडे रेल्वे गेली, इंग्रजी शाळा गेल्या, कोर्टं गेली, आणि कोर्टांच्या मागोमाग वकील गेले. वकील आले की भांडणाची कला येतेच. नागपूर तर मध्य प्रांताची राजधानी. आमच्याकडे कलेक्टरला अव्वल तालुकदार म्हणत आणि सरकारशी भांडायचं तर ते उर्दूत भांडावं लागे. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघालं, तिथे शिक्षणाचं माध्यमही उर्दू. घरात 'मपलं-तुपलं', देवळात अभंग आणि कचेरीत उर्दू, अशा तीन जिभा सांभाळणारा माणूस शेवटी गप्प बसायला शिकतो.

उमापूरची गंमत तर आणखी. आमच्या पश्चिमेला थोडं गेलं की शेवगाव तालुका, म्हणजे नगर जिल्हा. तिथे इंग्रजाचं राज्य. इकडे हाली सिक्का, तिकडे कलदार. सरहद्द ओलांडून माल न्यायचा तर करोडगिरीच्या नाक्यावर जकात भरायची. पाहुण्यांत लग्न ठरायचं ते दोन सरकारांच्या साक्षीने. मी त्या काळात नव्हतो म्हणून बरं. नाही तर आमच्या काउंटरवरची सगळी म्हातारी मंडळी रोज भाव विचारत बसली असती.

या सरहद्दीला पुणेकरही थोडा जबाबदार आहे, हे त्याला सांगितलं की तो चहाचा कप खाली ठेवतो. राक्षसभुवन आमच्याच तालुक्यात, गोदावरीच्या काठी. १० ऑगस्ट १७६३ रोजी तिथे माधवराव पेशव्याने निजामाच्या फौजेची धूळधाण उडवली. पेशव्याचं वय अठरा. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर रणात पडला आणि निजाम नदीच्या पलीकडे पूर पाहत राहिला. त्यानंतरच्या तहात पेशव्यांना ८२ लाखांचा मुलूख मिळाला. पुणेकर इतक्या लांबून आमच्या तालुक्यात आले, जिंकले, आणि जाताना आम्हाला निजामाकडेच ठेवून गेले. आमच्याकडे पाहुणा छत्री विसरतो, तो निदान पत्र तरी टाकतो.

पुढे देश स्वतंत्र झाला तो १५ ऑगस्ट १९४७ ला. आम्ही झालो १७ सप्टेंबर १९४८ ला, तेरा महिन्यांनी. तेही फुकट नाही. स्वामी रामानंद तीर्थांच्या मागे माणसं तुरुंगात गेली, सरहद्दीवर लढली, मेली. नंतर पैशाचा हिशोब झाला : सात हाली रुपयांना सहा भारतीय रुपये. भाव बरोबरच होता, चांदीचा आणि बाजाराचा. तरी पण शंभर रुपये गाठीला बांधून महाराष्ट्राकडे निघालेल्या माणसाच्या हाती वाटेतच पंच्याऐंशी रुपये अकरा आणे राहिले, हे माझ्यातल्या बी.कॉम.ला विसरता येत नाही.

आता भाषावार प्रांतरचना. विदर्भाने काय केलं? पासबुक आपटलं. आम्हाला वेगळं खातं हवं, असं लोकनायक अण्यांसारख्या मातबर माणसांनी सांगितलं आणि फाजल अली आयोगाने १९५५ साली ते मान्यही केलं. त्यांना संयुक्त महाराष्ट्रात आणायचं म्हणून मनधरणी आधीपासूनच चालू होती. १९५३ चा नागपूर करार त्यातलाच. नागपूरला उपराजधानीचा मान, वर्षातून एक अधिवेशन, हायकोर्टाचं खंडपीठ. करारात मराठवाड्याचं नाव होतं, नाही असं नाही. लग्नपत्रिकेत 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणाऱ्या चिमुकल्यांचंही असतं. १९५६ साली आम्ही मुंबई राज्यात आलो आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. कसे आलो? आमचे पुढारी अजूनही अभिमानाने सांगतात, बिनशर्त आलो. हा शब्द भाषणात फार छान वाटतो. कर्जाच्या फाइलवर वाचला तर मात्र आमचा मॅनेजर घाबरेल.

परिणाम उघड आहे. नागपूरला १९६० पासून हिवाळी अधिवेशन, अख्खं सरकार गाद्यागिरद्यांसह तिकडे. आम्हाला अधूनमधून मंत्रिमंडळाची बैठक. २०१६ नंतरची पुढची संभाजीनगरला झाली ती २०२३ साली. आम्ही कधीच भांडलो नाही असं मी म्हणत नाही. १९७४ च्या विकास आंदोलनात पोरं रस्त्यावर आली, वसमतला गोळीबार झाला, विद्यार्थी मेले. १९८१ साली औरंगाबादला खंडपीठ बसलं. पण बाकावरच्या खातेदाराने वर्षाकाठी एकदा आवाज चढवला तरी कारकुनाला वाटतं, आज याची तब्येत बरी नसावी.

१९८४ साली वि. म. दांडेकर समितीने अनुशेष मोजला. एकंदर ३,१८६ कोटी. त्यात विदर्भाचा वाटा ३९ टक्के, मराठवाड्याचा साडेतेवीस आणि राहिलेले ३७ टक्के 'उर्वरित महाराष्ट्र' नावाच्या प्रदेशाचे. हा उर्वरित महाराष्ट्र म्हणजे कोण? पुणे, मुंबई, कोल्हापूर वगैरे! सरकारी कागदावर सदाशिव पेठेला 'उरलेलं' म्हणणारा तो अज्ञात कारकून कोण होता कोण जाणे. आमचाच असणार.

सत्ता मिळाली नाही म्हणून हे झालं, असंही म्हणता येत नाही. शंकरराव चव्हाण, निलंगेकर, विलासराव देशमुख, अशोकराव चव्हाण, एवढे मुख्यमंत्री आम्ही दिले. कॅनडानेही इंग्लंडला एक पंतप्रधान दिला होता. बोनार लॉ, जन्म न्यू ब्रन्सविक, १९२२ साली गादीवर, सात महिन्यांत आजारपणामुळे पायउतार. त्याच्या चरित्राचं नावच 'अज्ञात पंतप्रधान' आहे. आमचे मुख्यमंत्री इतके अज्ञात नाहीत, पण विलासरावांचं लातूर कुठल्या विभागात, हे पुण्यात विचारून पाहा.

एका बाबतीत मात्र कॅनडाशी आमचं जुळत नाही. इंग्लंड हा कॅनडाचा मायदेश. इथे मायदेश कोण? सातवाहनांची पैठण आमच्याकडे, यादवांची देवगिरी आमच्याकडे. ज्ञानेश्वरांचं मूळ आपेगाव, एकनाथांचं पैठण, जनाबाईचं गंगाखेड, समर्थांचं जांब. मुकुंदराज आणि दासोपंत अंबाजोगाईला. खुद्द भोसल्यांची पाटीलकी वेरूळची. मराठी भाषा पाळण्यात होती तेव्हा तिला झोका आम्ही दिला, आणि आता तीच मोठी होऊन आम्हाला विचारते, "तुमच्याकडे घरी कोणती भाषा बोलतात?"

अलीकडे मात्र दिवस पालटल्यासारखे दिसतात. २०२३ साली शिंदे समिती निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायला निघाली आणि एकदम उर्दू-मोडी वाचणाऱ्या म्हाताऱ्यांना भाव आला. २०२५ च्या सप्टेंबरात तर सरकारी निर्णयातच हैदराबाद गॅझेटचं नाव आलं. त्याच महिन्याच्या १७ तारखेला बीडला नगरहून रेल्वेही पोचली. मार्ग १९९५ सालचा मंजूर. तीस वर्षं म्हणजे जरा वेळ लागला, पण आम्ही काही घाई केली नव्हती.

पश्चिम महाराष्ट्रात आम्हाला बिनचूक ओळखणारी एकच जागा मला ठाऊक आहे. दसरा झाला की आमच्या जिल्ह्यातून लाखो माणसं ऊस तोडायला निघतात : सांगली, कोल्हापूर, पुणे, थेट कर्नाटकापर्यंत. नवरा-बायको मिळून हिशोबात एक 'कोयता' धरतात. मुकादम आधी उचल देतो, आणि हंगामभर ती फिटत राहते. कधी फिटते, कधी पुढच्या हंगामावर जाते. व्याजाचं गणित आमच्या बँकेतल्यापेक्षा निराळं असतं, ते इथे मांडत नाही. पुण्याच्या चहातली साखर या कोयत्यांची. त्या फडावर 'म्हणजे विदर्भात ना?' असं कुणी विचारत नाही. उचल देताना गाव, तालुका, जिल्हा, तिन्ही अगदी बरोबर लिहून घेतात.